चाकाखालचा ठोकळा

प्रिय धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस. तुझी लेक उचलते आणि दर वेळी एकच सांगते, बाबा झाडांना पाणी घालतायत. एवढं पाणी पिऊन तुमच्याकडची झाडं एव्हाना पोहायला शिकली असतील. म्हणून म्हटलं, पत्र लिहावं. पत्राला लगेच उत्तर द्यावं लागत नाही आणि वाचणारा गप्प बसला तरी लिहिणाऱ्याला तो दिसत नाही. तुझ्यासारख्या माणसाशी बोलायला याहून सोयीचं काही नाही. माझं अक्षर तुला ठाऊकच आहे. स्टोअरमधल्या खोक्यांवरची नावं वाचून वाचून मी लिहायला शिकले, त्यामुळे माझी अक्षरं अजून सुट्या भागांसारखी एकेकटी उभी असतात. सावकाश वाच. घाई तुलाही नाही आणि झाडांनाही नाही.

इथलं बरं चाललंय. माझे गुडघे कुरकुरतात, पण कामाला नाही म्हणत नाहीत. खोकला मात्र गेला. डॉक्टर म्हणतात त्यांच्या औषधानं गेला; मी त्यांचं मन मोडत नाही. खरं म्हणजे डेपोची हवाच बदलली आहे. डिझेलच्या बस आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात, त्याही मागच्या कुंपणालगत अंग चोरून उभ्या असतात आणि गर्दीच्या वेळेपुरत्या बाहेर पडतात. डिझेलचा पंप बंद झाला. जमिनीखालची टाकी उपसली तेव्हा सगळ्या आवाराला असा वास आला, की जणू आपलं आजवरचं आयुष्य कुणी बादल्यांनी वर काढून ठेवलंय. मग तोही वास गेला. भिंतीला पांढरा रंग दिला आणि तो, तुझा विश्वास बसणार नाही, अजून पांढराच आहे. समोरच्या इमारतीतल्या त्या बाई आठवतात? वाळत घातलेल्या चादरी काळ्या होतात म्हणून दर आठवड्याला फाटकाशी येऊन आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. आता त्यांना भांडायला काही उरलं नाही. परवा आल्या, फाटकाशी उगाच घुटमळल्या आणि शेवटी माझ्या तब्येतीची चौकशी करून गेल्या.

स्टोअर तर तुला ओळखूच येणार नाही. फिल्टर गेले, पट्टे गेले, नोझल गेले. विजेच्या बसला लागतं काय, तर टायर, वायपर, दिवे, आणि आत कुठेतरी एखादी वायर, तीही कंपनीचे लोक स्वतःच घेऊन येतात. फळ्या रिकाम्या झाल्यात. शिंकलं तर खोली शिंक परत करते. लोक येऊन विचारतात, ताई, वाईट वाटत असेल ना? त्यांची अपेक्षा असते की मी डोळे पुसावेत. मी म्हणते, बाबांनो, आयुष्यभर काळं थुंकले, त्याच्यासाठी आता रडू कशाला? चुकल्यासारखं होतं ते एवढंच, की सकाळी कोणती बस बाहेर पडली हे आत बसून कळत नाही. पूर्वी मान वर न करता सांगायचे, ही तुझी, ही त्या टकल्याची. आता सगळ्या चोरपावलांनी जातात. मांजरीला मात्र त्याचं काही नाही. ती चार्जरच्या उबदार पेटीवर दिवसभर लोळत असते. अख्ख्या डेपोत नव्या काळाशी सगळ्यात आधी जमवून घेतलं ते तिनं.

परवा बाजारात जायला मी आपल्याच बसमधून गेले, साधी प्रवासी म्हणून. बाळं झोपतात बघ त्या बसमध्ये. पण मोठ्या माणसांची पंचाईत झाली आहे. पूर्वी इंजिनाच्या घरघरीत सगळ्यांची गुपितं सुरक्षित असायची. आता मागच्या बाकावरची बाई सासूबद्दल काय बोलते ते ड्रायव्हरलाही ऐकू येतं. माझ्या शेजारचा माणूस फोनवर बायकोला सांगत होता की तो ऑफिसात अडकलाय, आणि सगळी बस खिडकीबाहेर बघायला लागली. अशा बसमध्ये गप्प बसायची सवय असलेला माणूसच सुखी, असं मनात आलं. म्हणून तुझी आठवण झाली, दुसरं काही नाही.

मला सोबतही मिळाली आहे. तुझा पत्त्यांचा दोस्त, शेवटच्या स्टॉपवरचा टाइमकीपर, सध्या माझ्या स्टोअरमध्ये बसतो. पाय पुरता बरा होईपर्यंत हलकं काम द्यायचं म्हणून साहेबांनी त्याला माझ्या गळ्यात बांधलाय. हलकं काम म्हणजे तो खुर्चीत बसतो, काठी माझ्या फळीला टेकवतो आणि मी काय काय चुकीचं करते ते सांगतो. गुडघा जुळलाय. जिना चढताना पाय जरा वाकडा पडतो, सपाटीवर कळतही नाही. त्याची बायको म्हणते, पूर्वी तरी हा कुठे सरळ चालत होता? मला पत्ते खेळायला बसवतो आणि मी हरले की खूश व्हायचं सोडून चिडतो. म्हणतो, ताई, तुम्ही पानं टाकताना बडबड फार करता, तुमचा भाऊ बरा, डाव संपेपर्यंत हूं की चूं करत नाही. तुझा विषय त्याच्या तोंडी येतो तो हा असा. रागानं येत नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

गप्प बसण्यात तुझा हात कोण धरणार? डेपोनं तुला घुम्या म्हणायच्या कितीतरी आधी घरात मी म्हणत होते. आपण टायरवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत राहायचो, आई दवाखान्यात झाडलोट करायची आणि मी पुठ्ठ्याच्या कारखान्यात जायचे, तेव्हाचं सांगते. तुझी दाढ दुखत होती. कधीपासून ते देव जाणे. तू मुकाट्यानं दुसऱ्या बाजूनं चावत राहिलास. गाल सुजून फुगा झाला तेव्हा आम्हाला कळलं. डॉक्टरनं दाढ काढली आणि विचारलं, पोरा, आधी का नाही सांगितलंस? तू तोंडातला कापूस सावरत म्हणालास, ताई दमून येते. मला त्या दिवशी गहिवरून आलं होतं. पुढे केव्हातरी, भांडी घासता घासता, डोक्यात आलं की वेळेवर सांगितलं असतंस तर दाढ वाचली असती.

तुझा लाकडी ठोकळा माझ्याकडे आहे. मोडीत दिला नाही. जुन्या बसच्या हँडब्रेकवर कुणाचाच भरवसा नव्हता. ओढला की ओढल्याचं समाधान मिळायचं, एवढंच. त्यामुळे उतारावर सगळेच ड्रायव्हर गाडी गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करायचे आणि चाकाखाली मिळेल तो दगड सरकवायचे. तुला मिळेल ते कसं चालेल? आईच्या मोडक्या पलंगाचा पाय आणलास, कापलास, एका अंगानं उतरता तासलास, त्याला दोरीची मूठ केलीस आणि सीटखाली ठेवलास. शेवटच्या स्टॉपला उतरायचं, ठोकळा मागच्या चाकाशी टाकायचा आणि उजव्या पायाच्या चवड्यानं टक् करून आत सारायचा. तुझ्या उजव्या बुटाचं टोक कायम खरवडलेलं असायचं. तुझी बायको होती तेव्हा म्हणायची, या माणसाला दुकानदार एकच बूट विकत असता तर किती बरं झालं असतं.

नव्या बस आल्या आणि सगळ्या ड्रायव्हरांना शिकवणीला बसवलं. तू पुढच्या बाकावर बसलास, सगळं ऐकलंस आणि काहीही विचारलं नाहीस. बस आवाज करत नाही, पाय उचलला की आपोआप मंदावते, दार उघडं असलं की जागची हलत नाही, असं काय काय सांगितलं. शिकवायला कंपनीकडून आलेल्या इंजिनिअरबाई होत्या. त्यांनी तुझा ठोकळा पाहिला आणि म्हणाल्या, काका, आता याची गरज नाही. त्या चेष्टेनं म्हणाल्या नव्हत्या, मी तिथे होते. तू त्याच दिवशी ठोकळा आणून माझ्या टेबलावर ठेवलास. हा कोणत्या मालात धरू म्हणून विचारलं तर खांदे उडवलेस. तो कशातच बसेना, मग मी तो दाराशी लावला. स्टोअरचं दार वाऱ्यानं आपटायचं. तेव्हापासून आपटत नाही.

त्यानंतरची गंमत मला टाइमकीपरनं सांगितली, अपघाताच्या बऱ्याच आधी. तू नवी बस घेऊन शेवटच्या स्टॉपला यायचास, उतरायचास, मागच्या चाकाशी जायचास आणि तिथे काहीच नसताना पायानं टक् करायचास. रिकाम्या जागी. मग अगदी निवांत त्याच्या पत्र्याच्या केबिनकडे चालू लागायचास. तो खिडकीतून बघून पोट धरून हसायचा. त्यानं नक्कल करून दाखवली तेव्हा मीही हसले. कुणाच्याच मनात आलं नाही की ठोकळा गेला, लाथ तेवढी राहिली, आणि हँडब्रेक ओढायची सवय तुझ्या हाताला कधी लागलेलीच नाही.

त्या दिवसाचं तुला मी काय सांगायचं? पण माझ्यापर्यंत ते जसं आलं तसं लिहिते. बस रिकामी झाली, ड्रायव्हर खाली उतरला आणि बस आपली आपण उताराला लागली. कुणी ओरडलं नाही, कारण कुणाला काही ऐकूच आलं नाही. केबिनला जाऊन टेकली, पत्रा आत वाकला आणि टेबल टाइमकीपरच्या गुडघ्यावर गेलं. चौकशीत तू म्हणालास, चूक माझी, ब्रेक लावला नव्हता. पुढे एक अक्षर नाही. मग लवकर निवृत्तीचा अर्ज टाकलास, बिल्ला साहेबांच्या टेबलावर ठेवलास आणि लेकीच्या गावी गेलास. मला दारातून म्हणालास, येतो. अजून येतोयस.

तू दवाखान्यात गेला होतास हेही मला टाइमकीपरकडूनच कळलं. त्याच्या पलंगाभोवती पडदा होता. पडद्याखालून त्याला बूट दिसले, उजव्याचं टोक खरवडलेलं. तो वाट बघत पडून राहिला. बूट बराच वेळ उभे राहिले आणि मग वळून गेले. मी म्हटलं, अरे, हाक मारायची होतीस. तर म्हणाला, म्हटलं बघू तरी, पडदा आधी कोण सारतो. तुम्हा दोघांना एकाच साच्यातून काढलंय. साचा नंतर मोडला असावा, नाहीतर जगाचं काही खरं नव्हतं.

आता तुझ्याबरोबरच्या त्या कंडक्टर पोरीबद्दल. नवी लागलेली, अजून कायम न झालेली, तोंडाचा पट्टा अखंड चालू. डेपोनं तिला रेडिओ नाव ठेवलं होतं, आणि घुम्या आणि रेडिओ एकाच बसवर म्हणून सगळे हसायचे. तिकिटाच्या यंत्राची कागदाची गुंडाळी न्यायला रोज सकाळी स्टोअरमध्ये यायची आणि तेवढ्यात लेकाच्या शाळेचं, आईच्या कमरेचं, शेजारणीच्या नळाचं सगळं सांगून जायची. अपघातानंतर रेडिओ बंद पडला. गुंडाळी घ्यायची, मान हलवायची, जायची. मला वाटलं, पोर घाबरली आहे, हळूहळू सूर लागेल. लागला नाही. ती तुझ्यासारखी व्हायला लागली, आणि एका डेपोला तुझ्यासारखा एक पुरेसा होता.

मग मागच्या महिन्यात एक प्रकार झाला. बस धुवायच्या जागेला गटाराकडे जरासा उतार आहे, तुला माहीत आहे. दुपारची वेळ होती. टकल्यानं बस आणून लावली, दार उघडं टाकलं, उतरला आणि माझ्या पायरीवर चहा घेऊन बसला. टाइमकीपर त्याच्या खुर्चीत. रेडिओ गुंडाळीसाठी दारात उभी. धुणाऱ्या मावशी पाइप ओढत आल्या, त्यांना बसचं दार उघडं दिसलं. आत पाणी जाईल म्हणून त्यांनी बाहेरचं बटण दाबलं. दार फुस् करून लागलं आणि बस निघाली. हळूच, पाहुण्यांच्या गर्दीतून कुणाला न सांगता सटकावं तशी. फार लांब नाही गेली, पाण्याच्या पिंपांना जाऊन टेकली. पिंपं गडगडली, मावशी नखशिखांत भिजल्या आणि बसला असं काही बोलल्या की ती डिझेलची असती तर तिथेच पेटली असती. सगळे हसले. टकल्याचा चहा सांडला. मीही हसत होते. मग टाइमकीपरकडे लक्ष गेलं. त्यानं काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली होती. आणि रेडिओ पायरीवर खाली बसली होती, चेहरा पिठासारखा पांढरा.

तिला आत घेतलं, पाणी दिलं. ती बोलली. तुला ते सगळं माहीत आहे, तरी मला माहीत झालंय हे तुला कळावं म्हणून लिहिते. त्या दिवशी प्रवासी उतरले, तू उतरलास, मग ती उतरली. शिकवणीत कंडक्टरांना सांगितलं होतं की बस उभी असताना दारं लावून ठेवा, नाहीतर गार हवा बाहेर जाते आणि बॅटरी उगाच उतरते. एरवी बोलण्याच्या नादात ती विसरायची, त्या दिवशी आठवणीनं तिनं सांगितल्याप्रमाणे बटण दाबलं. तू मागच्या चाकाशी होतास. दाराच्या आवाजानं वळून तिच्याकडे पाहिलंस, आणि तेवढ्यात बस हलली. तू दोन्ही हातांनी बस मागून धरायला धावलास, ती जशी काही म्हैस होती. पुढे लोक केबिनचा पत्रा उचलत होते तेव्हा तू तिच्याजवळ गेलास आणि म्हणालास, "दाराचं कुणाला बोलू नकोस. ब्रेक मी लावला नव्हता, तेवढं पुरे आहे." ती मला म्हणाली, ताई, एवढं लांबलचक काका माझ्याशी त्याआधी कधी बोललेच नव्हते, मी घाबरून ऐकलं. तेव्हा तिला वाटलं होतं की दाराचं काहीतरी निमित्त झालं असेल. नक्की काय झालं ते तिला मावशींनी बटण दाबलं तेव्हा दिसलं. मग टाइमकीपर म्हणाला, "पाय माझा मोडला, तोंड त्याचं का बंद झालं?"

दुसऱ्या दिवशी ती आपणहून साहेबांकडे गेली. मी ढकललं नाही. साहेबांच्या दारापर्यंत सोबत केली, एवढंच. इंजिनिअरबाईंना बोलावणं गेलं. त्यांनी रिकामी बस उतारावर लावली, पुढे वाळूची पोती रचली, स्वतः सीटवरून उठून खाली उतरल्या आणि दार लावलं. बस पोत्यांवर गेली. मागे घेतली, पुन्हा केलं, पुन्हा गेली. सगळा डेपो भोवती उभा होता आणि या वेळी कुणी हसत नव्हतं. नंतर त्या माझ्याकडे येऊन बसल्या आणि मला समजेल अशा शब्दांत सांगितलं. दार उघडं असताना बसला धरून ठेवणारा ब्रेक हा प्रवाशांच्या चढउतारापुरता असतो, दार लागलं की तो सुटतो. उतरण्याआधी ड्रायव्हर हँडब्रेक लावणारच, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. हँडब्रेकवर विश्वास न ठेवता नोकरी पार पाडलेली माणसं त्यांना कधी भेटली नव्हती. मी म्हटलं, बाई, आणि आम्हाला विश्वासाचा हँडब्रेक कधी भेटला नव्हता. त्यांनी दाराशी लावलेला ठोकळा उचलला, त्याच्या तासलेल्या अंगावरून अंगठा फिरवला, होता तसा परत ठेवला आणि दार त्याला नीट टेकलंय ना ते बघून गेल्या.

आता दार लावलं तरी बस हलत नाही, तशी दुरुस्ती झाली. शिवाय प्रत्येक बसला एक भोंगा बसवलाय. हँडब्रेक न लावता ड्रायव्हर सीटवरून उठला की तो असा केकाटतो की मांजर चार्जरवरून उडी मारते. ड्रायव्हरांनी त्याचं नाव घुम्या ठेवलंय. "घुम्या बोंबलला" म्हणतात आणि परत बसून ब्रेक ओढतात. टकला तर दिवसातून कितीदा तरी तुझ्या शिव्या खातो. जन्मात ज्यानं आवाज चढवला नाही तो आता शहरभर प्रत्येक शेवटच्या स्टॉपला ओरडतोय. हे तुला कुणीतरी कळवायला हवं होतं.

तुला वाटेल, झालं तर मग, सगळं मार्गी लागलं. बसचं लागलं. चौकशी मात्र पुन्हा उघडली आहे आणि ती वेगळ्याच जागी अडलीय. साहेबांचं म्हणणं असं: दार आपण लावलं हे या पोरीला ठाऊक होतं, तरी ती इतके महिने गप्प राहिली आणि जुन्या ड्रायव्हरवर सगळं जाऊ दिलं, अशी कंडक्टर कायम कशाला करायची? ती सांगते, मला काकांनीच गप्प राहायला सांगितलं. साहेब विचारतात, कुणी, घुम्यानं? तो कधी कुणाला काही सांगतो का? आणि यावर सगळा डेपो मान डोलावतो, कारण ते खरंच आहे. तू बोललास ते ऐकणारी ती एकटी, आणि तिचं कुणी धरत नाही. टाइमकीपर म्हणाला, मी ऐकलं म्हणून सांगतो. मी म्हटलं, तू तेव्हा पत्र्याखाली बोंबलत होतास, तुला स्वतःचं सोडून दुसरं काय ऐकू येणार? खोटं त्यालाही नीट जमत नाही. पोरगी अजून रोज येते, गुंडाळी नेते. काल विचारत होती, धुण्याच्या कामावर बाई लागेल का.

म्हणून हे पत्र. येत्या गुरुवारी चौकशी बसेल आणि तिचा निकाल लागेल. ब्रेक तू लावला नव्हतास, ते खरं आहे आणि खरंच राहील. तुला धुऊन काढायला मी हे लिहीत नाही. तुला परत घेतील का, तेही मला माहीत नाही, मी विचारलेलं नाही. पण तू गप्प बसलास म्हणून तेव्हा तिची नोकरी राहिली, आणि आता तू गप्प बसलास तर तीच नोकरी जाईल. तू तिला सांभाळायला गेलास, धाकट्या, मला कळतं. माझी दमणूकही तू अशीच सांभाळली होतीस. या वेळी गाल तुझा नाही, तिचा सुजतोय. गुरुवारी ये आणि दोन वाक्यं बोल. "दार तिनं शिकवल्याप्रमाणे लावलं होतं. गप्प राहायला तिला मी सांगितलं होतं." त्यानंतर हवं तर जन्मभर बोलू नकोस, मी कुणालाही तक्रार करणार नाही. टाइमकीपर फाटकाशी उभा राहणार आहे. म्हणतो, तिथे पडदा नाही, बघू बूट कुठे जातात. मी स्टोअरमध्येच असेन. दार ठोकळा लावून उघडं ठेवलंय. आत येताना सवयीनं त्याला लाथ मारू नकोस, एवढंच.

तुझीच,
तुझ्या गप्प बसण्याला या वयातही न सरावलेली
ताई